हाळी रेडिओवरचा पहिला शब्द

“आन त्याच्या घरात रेडिओ हाय, त्याचं काय?” असं म्हणून पिराजीबापूंनी माइकवर हात ठेवला.

मी कानावरचे हेडफोन काढले. बापू आत, मी काचेच्या बाहेर, आणि नुसता सराव चाललेला. ट्रान्समीटर बंद होता. बापूंनी आतापर्यंत एकच वाक्य म्हटलं होतं, “हाळी रेडिओच्या सगळ्या श्रोत्यांना माझा नमस्कार,” आणि तिथंच गाडी अडली होती.

“कुणाच्या घरात?” मी दार उघडून विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

बापूंनी हनुवटी पश्चिमेकडं उडवली. नाव घ्यायचं नसलं की ते हनुवटी वापरत. पश्चिमेला, त्यांच्या दाराच्या बरोब्बर समोर, तायाप्पाअण्णांचं दार होतं.

“असू दे की रेडिओ. तुम्ही कुठं त्यांच्याशी बोलताय? तुम्ही रेडिओवर बोलताय.”

“सूनबाई, बायकांस्नी काय शिकीवलंस तू? माइकवर बोलताना ऐकणारा परत्येक माणूस समोर बसलाय, आन आपण त्याच्याशीच बोलतोय आसं समजायचं. म्हणालीस का न्हाई?”

मी म्हणाले होते. पुण्याच्या शिबिरात मला तेच शिकवलं होतं आणि मी ते गावाला शिकवलं होतं. शिकवलेलं कुणी इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

“मग तो बी ऐकणार. म्हंजे मी त्याला नमस्कार घातला. म्हंजे मी त्याच्याशी बोललो. ते जमायचं न्हाई.”

“अहो, पण तुम्ही दारात बसून म्हशीशी बोलता ते नाही का त्यांना ऐकू जात?”

“म्हशीला बोललेलं म्हशीचं. रेडिओवर बोललेलं ऐकंल त्याचं,” बापू म्हणाले आणि डफ काखेत मारून उठले.

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवसांनी साहेब येणार होते आणि माझ्याकडं दाखवायला बापूंशिवाय काही नव्हतं.

झालं होतं असं. कुसाळवाडीत आमच्या महिला संस्थेनं गावाचा रेडिओ काढला होता. पिठाच्या गिरणीमागं बेदाणे ठेवायच्या दोन खोल्या होत्या, त्यात हे केंद्र. मी केंद्रप्रमुख, निवेदक, तंत्रज्ञ आणि झाडूवालीही. हाळी रेडिओ आजूबाजूच्या पंधरा-वीस वाड्यावस्त्यांना ऐकू जायचा. जाहिरातवाल्यांचा नाही, सरकारचा नाही, गावाचा. परवान्यात लिहिलेलंच होतं की कार्यक्रम गावानं करायचे, गावाच्या भाषेत करायचे. आणि कुणीतरी वर तक्रार केली की या बाया नुसती विकतची गाणी लावतात, गावाचा त्यात कुणी नाही. परवान्याची मुदत संपत आली होती. फोनवर परवाना खात्याचे निगुडकर साहेब म्हणाले, “मॅडम, मी स्वतः येऊन ऐकणार. रेकॉर्ड केलेलं नको, थेट पाहिजे. गावाचं स्वतःचं असं काही आहे का तुमच्याकडे? भजन सगळीकडे असतं.” मी म्हणाले, “कलगी-तुरा आहे.” साहेब खूश झाले. “वा, मग तेच ऐकू. नाहीतर परवान्याचं अवघड आहे.”

कलगी-तुरा म्हणजे दोन शाहिरांचा सामना. कलगीवाल्यानं गाण्यातून कोडं घालायचं, तुरेवाल्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं, मग उलट. आमच्या भागात कलगीचे शेवटचे शाहीर तायाप्पाअण्णा आणि तुऱ्याचे शेवटचे पिराजीबापू. आणि या दोघांचा अठरा-वीस वर्षांचा अबोला. मी लग्न होऊन गावात आले त्याच्याही आधीपासूनचा. अण्णा म्हणायचे, समोर कुणी नसताना सवाल कुणाला घालू; म्हणून एकट्या बापूंनाच मी गळ घातली होती.

अबोला कशावरून, ते कुणी धड सांगेना. माझी सासू म्हणायची, जत्रेत पटक्यावरून झालं. गिरणीवाला म्हणायचा, बोकडावरून झालं. तिसरा कुणी म्हणायचा, सोयरीक मोडली. अबोला मात्र अगदी नियमानं चालायचा. अण्णांच्या अंगणात बापूंची कोंबडी गेली की बापू म्हशीला म्हणायचे, “म्हशे, काही लोकांस्नी दुसऱ्याची कोंबडी गोड लागती.” अण्णा दारातल्या उखळाला म्हणायचे, “उखळा, कोंबडीला बी कळतं चांगलं घर कुठलं.” म्हैस आणि उखळ यांच्यात असा संवाद रोज चाले. मधे बापूंची म्हैस मेली, तेव्हा नवी येईस्तोवर दोन्ही घरं मुकी होती आणि सगळ्या गल्लीला करमत नव्हतं.

मी सरळ सरपंचांकडं गेले. सुगंधाकाकी आमच्या सरपंच, आमच्या संस्थेच्याही अध्यक्ष. काकी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

“मग त्यांना म्हणावं, ‘तायाप्पा सोडून बाकीच्यांना नमस्कार’,” काकी म्हणाल्या.

“नाव घ्यावं लागतं ना. नाव घेतलं की अबोला मोडला.”

“‘समोरचा सोडून’ म्हणावं.”

“सांगून बघितलं काकी. म्हणाले, सोडायचं म्हटलं तरी आधी धरावं लागतं.”

काकी शेंग फोडायच्या थांबल्या. “म्हातारा शाहीर हाय खरा. बरं, म्हैस न्यावी का आत? म्हशीकडं बघून गाईल.”

हसू नका. मी खरोखर संध्याकाळी जाऊन स्टुडिओच्या दाराचं माप घेतलं. दार अरुंद, म्हैस गाभण. वर बापूंनीच नकार दिला. “सायबापुढं मी म्हशीला तुरा गाऊ? मी काय गवळी हाय?”

मग काकी स्वतः आल्या. बापूंच्या अंगणात बाजेवर बसल्या आणि विचारलं, “पिराजी, खरं सांग. एक नमस्कार गेला त्याच्या कानात तर काय आभाळ कोसळंल?”

बापू बराच वेळ डफाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “सुगंधे, त्याच्या कानावर माझा पयला शब्द कंचा पडायचा ते ठरल्यालं हाय. तो नमस्कार न्हाई.”

“मग कंचा?”

“ते सांगायचं नसतंय.”

परतताना काकी मला म्हणाल्या, “शिवी असंल.”

“शिवी?”

“मग काय. वीस वर्षं जपून ठेवल्याली शिवी साधी नसणार. शैला, सायबापुढं ती बाहेर पडली तर तुझा परवाना बी गेला आन माझी खुर्ची बी. तायाप्पाच्या कानात काय जाऊ द्यायचं न्हाई. त्यालाच बाजूला कर.”

म्हणून आम्ही अण्णांकडं गेलो. अण्णा उखळावर बसून दाढी करत होते. मी म्हणाले, “अण्णा, परवा एक तासभर तुमचा रेडिओ आम्हाला देता का? जपून ठेवू.”

“का द्यावा?”

“बापूंचा कार्यक्रम आहे.”

“आसू दे की. भिंतीवर काय लिवलंय तुमच्या? ‘गावाचा आवाज, गावाचा कान’. आवाज कुणाचा बी लावा, म्हशीचा लावा. कान माझा हाय, तो मी कुणाला देत न्हाई.”

ते भिंतीवर मीच लिहिलं होतं.

“मग तेवढा वेळ शेतात जाता?” काकी म्हणाल्या.

“शेतात गड्यांच्या खिशात रेडिओ. देवळापुढं तुम्हीच कर्णा लावणार सायबाला दाखवायला. जाऊ कुठं?”

“पाहुण्यांकडं जा. कवठ्याला लेक हाय की तुझी.”

अण्णांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. “माझ्या गावाचा कारेक्रम, आन मी गावाबाहेर? मी काय चोरी केलीया सुगंधा? कापूस घालून बसीन म्हटलं तर त्यो म्हणणार बोटभर कापसानं काय व्हतंय. मला ऐकू न येणारी जागा ह्या गावात दाखवा, मी जाऊन बसतो. पर गावात.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. आज आठवलं तरी माझंच मला नवल वाटतं.

“आहे अशी एक जागा,” मी म्हणाले. “गावात रेडिओ अजिबात ऐकू येत नाही अशी एकच जागा.”

“कंची?”

“रेडिओ केंद्र.”

खरंच होतं ते. गिरणीचा आवाज आत येऊ नये म्हणून आम्ही आतल्या खोलीला पोल्ट्रीतून आणलेले अंड्यांचे ट्रे ठोकले होते, त्यावर गोधड्या, दाराला दुहेरी फळ्या. आत बसलेल्याला बाहेर दंगल झाली तरी कळायची नाही. अण्णांना आत बसवायचं आणि बापूंना बाहेर, गावात फिरून मुलाखती घ्यायचा लांब वायरचा माइक देऊन. म्हणजे श्रोता स्टुडिओत आणि शाहीर स्टुडिओबाहेर. बाहेरून लाल बटण दाबलं की आतल्या माणसाशी त्याच्या हेडफोनमधून बोलता येतं, पण आतले ते हेडफोन मी काढून घेणार होते.

अण्णांचा चेहरा बदलला. “आत? माइकपुढं?”

“माइक बंद असेल अण्णा.”

“आसू दे बंद. येतो,” ते म्हणाले आणि उरलेला गाल घासायला लागले. काकींनी त्यांच्याकडून वचन घेतलं की कार्यक्रम संपेपर्यंत काही ऐकणार नाही, कुणी ऐकवलं तरी ऐकणार नाही. अण्णांनी उखळाला हात लावून वचन दिलं.

साहेबांचा दिवस उजाडला. निगुडकर साहेब दुपारी जीपमधून उतरले. बारीक अंगाचे, गळ्यात कॅमेरा, बोलणं मऊ. मी चहा दिला, ट्रान्समीटर दाखवला, संस्थेच्या बायका दाखवल्या. साहेब मान हलवत काचेपाशी आले आणि थांबले.

काचेपलीकडं तायाप्पाअण्णा बसले होते. भगवा पटका, त्यावर कलगी, नवा सदरा, बंद माइकच्या समोर ताठ. साहेबांनी नमस्कार केला, अण्णांनी आतून केला.

“हे शाहीर का?”

“हो. म्हणजे आज ते श्रोते आहेत.”

“आणि शाहीर?”

मी बाहेरच्या खोलीकडं बोट केलं. तिथं बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यावर पिराजीबापू बसून होते, डोक्याला पटका, त्यावर तुरा, दारातल्या शेगडीवर डफ शेकत. त्यांची पाठ काचेकडं होती. ती मुद्दाम तशी ठेवली होती.

“एक मिनिट, मॅडम. शाहीर स्टुडिओच्या बाहेर आणि श्रोते स्टुडिओत?”

“आमच्याकडं श्रोत्याला फार मान आहे साहेब,” काकी मधेच म्हणाल्या.

साहेबांनी काचेकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. मग म्हणाले, “समाजाचा सहभाग म्हणतात तो हाच असावा कदाचित.” त्यांच्या डोळ्यांत मला शंका दिसत होती. हा माणूस उठून गेला तर हाळी रेडिओ बंद. संस्थेच्या बायकांनी शेळ्या विकून माइक घेतले होते. मला तर त्या दोन खोल्यांखेरीज दुसरं काही सुचतच नव्हतं.

मी ट्रान्समीटर चालू केला. देवळापुढचा कर्णा घरघरला. “ऐकताय हाळी रेडिओ,” मी म्हणाले, “आज आपल्याबरोबर आहेत तुऱ्याचे शाहीर पिराजीबापू.” आणि माइक त्यांच्यापुढं धरला.

बापूंनी काचेकडं वळून न बघता विचारलं, “आत हाय नव्हं?”

“आहेत.”

“ऐकू येत न्हाई?”

“काही नाही.”

मग बापूंनी डफावर थाप मारली आणि गण सुरू केला. खरं सांगते, मी त्यांना गाताना त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. नुसतं म्हशीशी बोलताना ऐकलं होतं. आवाज फाटलेला, पण कुठं धरायचं, कुठं सोडायचं ते सगळं त्या गळ्याला माहीत होतं. साहेबांचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, वाचलो.

पण साहेबांना फोटो पाहिजे होता. “बापू, जरा इकडे तोंड करता? मागे तुमच्या केंद्राची पाटी येईल.” आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी स्वतः खोकं धरून बापूंना फिरवलं. बापूंचं तोंड थेट काचेकडं झालं.

बापूंनी अण्णांना बघितलं. अण्णांनी बापूंना बघितलं. बापूंचा हात डफावर चालूच होता, तोंडात गण होता. कडवं संपलं आणि नेहमीसारखा हात थांबला.

हात थांबताच काचेपलीकडं अण्णांचं तोंड सुरू झालं.

आधी मला कळलंच नाही. अण्णांना काही ऐकू येत नव्हतं. पण त्यांनी हात थांबलेला बघितला होता आणि त्यांची पाळी आली होती. ते डोळे मिटून, मान हलवत, गळ्याच्या शिरा ताणून गात होते, आणि बाहेर काही म्हणजे काही येत नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले. बापूंचा हात आपसूक परत डफावर पडला, आणि अण्णांचं तोंड मिटलं. बापू गायले. हात थांबला. अण्णांचं तोंड उघडलं.

“हे काय चाललंय?” साहेब माझ्या कानात म्हणाले.

“कार्यक्रम चाललाय,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या खेपेला हात थांबला तो थांबलाच. अण्णांनी आपली पाळी संपवली, तोंड मिटलं, वाट बघितली. बापू गाईनात. नुसते काचेकडं बघत बसले. कर्ण्यावर शांतता पसरली. गिरणी नेमकी वीज गेल्यागत बंद पडलेली, म्हणजे गिरणीवालाही ऐकत होता. रेडिओवर शांतता म्हणजे मरण, हे मला शिबिरात पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी बापूंना खुणा केल्या. काकींनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, आली शिवी.

“सापडलं,” बापू म्हणाले.

“काय सापडलं?” मी विचारलं. माइक चालूच होता.

“सूनबाई, दार उघड.”

“बापू, अहो, तुमच्यासाठीच तर बंद केलंय.”

“उघड म्हणतो न्हवं.” त्यांनी डफ छातीशी धरला. “मला सापडलं. आत्ता सांगितलं न्हाई तर परत हातचं जाईल. उघड गं बाई.”

काकी कुजबुजल्या, “उघडू नकोस.” साहेब म्हणाले, “उघडा ना, काय आहे?” मी बापूंच्या तोंडाकडं बघितलं. शिवी द्यायला निघालेल्या माणसाचं तोंड तसं नसतं. मी दाराची कडी काढली.

दार उघडलेलं बघून अण्णा घाबरले. काकींना दिलेलं वचन त्यांच्या डोक्यात. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. काकी दारातून हात हलवून सांगतायत, सोडलं वचन, काढ बोटं. पण डोळे मिटलेल्या माणसाला हातवारे कसे दिसणार? साहेबांनी जाऊन त्यांचा खांदा हलवला. अण्णांनी बोटं आणखी खोल घातली.

बापू उठून उंबऱ्यापर्यंत आले. माइकची वायर तिथं संपली, म्हणून मी वाकून माइक पुढं धरून उभी. बापू काही बोलले नाहीत. त्यांनी डफ अण्णांच्या गुडघ्याजवळ नेला आणि एकच थाप मारली.

थाप काय कानानंच ऐकायची असते असं नाही. अण्णांनी डोळे उघडले. बोटं बाहेर काढली.

बापू म्हणाले, “सवाल आन जवाब.”

काकींनी माझ्याकडं बघितलं, मी साहेबांकडं बघितलं. ही शिवी नव्हती, आणि काय होतं तेही कळेना. अण्णा मात्र तोंड उघडं टाकून बसले होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि बसल्या जागी, हळूहळू, गायला सुरुवात केली.

“एका घरात दोघं नांदती, एक बोलता दुजा मुका,
दोघं बोलता घर ते मोडे, दाराखिडक्या होती फुका,
दोघंही मुके तर घरच न्हाई, वाऱ्यावरती उडे बुका,
कोण ते दोघं सांग शाहिरा, न्हाईतर डफ ठेवून झुका.”

“देवा रे,” काकी खाली बसल्या. “जत्रेतलं कोडं. हे तर जत्रेत घातल्यालं कोडं हाय.”

पटका नाही, बोकड नाही, सोयरीकही नाही. जत्रेच्या सामन्यात अण्णांनी हे कोडं घातलं होतं आणि बापूंना उत्तर आलं नव्हतं. आमच्याकडं जुन्या शाहिरांत रीत होती की हरलेल्यानं डफ ठेवायचा, नाहीतर गप्प निघून जायचं आणि जवाब घेऊनच परत सामन्याला उभं राहायचं. कोडं घालणाऱ्याशी पहिला शब्द बोलायचा तो जवाबाचाच. बापूंनी डफ ठेवला नव्हता. ते उत्तर शोधायला म्हणून निघाले ते अठरा-वीस वर्षं दारात बसूनच शोधत राहिले.

“घर म्हंजे फड,” बापू म्हणाले. आता ते सरळ अण्णांशी बोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “तू गातोस तवा मी गप. मी गातो तवा तू गप. दोघं संगं गायलो तर फड मोडला. आन दोघं गप बसलो तर फडच न्हाई. आत्ता काचंतनं बघितलं तवा डोळ्याला दिसलं. सवाल आन जवाब. तू आन मी. बरोबर हाय का चूक, सांग.”

कोडं घालणाऱ्यानं निवाडा द्यायचा असतो. अण्णा बोलेनात. बापूंकडं बघितलं, बंद माइककडं बघितलं, छताच्या अंड्यांच्या ट्रेंकडं बघितलं. माझा हात माइक धरून भरून आला होता. सगळा गाव देवळापुढं उभा राहून ती शांतता ऐकत होता, हे मला नंतर कळलं.

“बरोबर,” अण्णा म्हणाले.

बापू उंबऱ्यावरच बसले. अण्णा उठून त्यांच्याजवळ बसले, आणि पहिली गोष्ट काय बोलावी? “तुझी कोंबडी लई वाईट हाय पिराजी. माझी भाजी खाऊन टाकली.”

“ते मला म्हशीनं सांगितलं,” बापू म्हणाले. माइक चालूच होता. मी बंद केला नाही. मला रडू येत होतं आणि हसूही.

जीपमध्ये बसताना साहेबांनी विचारलं, “मॅडम, हा कार्यक्रम रोज असतो का?”

“दर गुरुवारी,” मी बिनदिक्कत सांगितलं.

परवाना मिळाला. आणि मग गुरुवारी कार्यक्रम करावाच लागला. दोघं आत बसायचे, आणि मी बाहेर. फडाला सवाल-जवाब पाहिजेत म्हणून ते कशावरूनही भांडायचे. कोंबडीवरून, खताच्या भावावरून, जावयांवरून. लोक शेतातली कामं थांबवून ऐकायचे. उखळ आणि म्हैस मात्र बेकार झाली.

सहा-सात वर्षं ते चाललं. मग एका उन्हाळ्यात बापू गेले. दहावा-तेरावा झाल्यावर अण्णा माझ्याकडं आले. बाहेरच्या खोलीत, बापूंच्या त्याच खोक्यावर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत.

“शैला, तुला एक सांगतो. तो जिता असता तर सांगितलं नसतं.”

“काय?”

“जत्रेतल्या कोड्याचं उत्तर मला ठावं नव्हतं.”

मी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

“कोडं जुळवता जुळवता मुका झालं, फुका झालं, बुका झालं. यमक येत गेलं, मी गात गेलो. लोक वा वा म्हणाले. पिराजी उठला, गप निघून गेला. तवा वाटलं, उद्या येईल, हरलो म्हणंल. मग कोडं घालणाऱ्यानं उत्तर सांगावं लागतं. मी काय सांगणार हुतो? म्हणून मी बी गप. त्यो दारात दिसला की मी उखळाकडं तोंड फिरवायचो.”

“वीस वर्षं?”

“मग काय. त्याला उत्तर सापडंना म्हणून त्यो बोलंना, आन मला बी सापडंना म्हणून मी बोलंना.”

“आणि त्या दिवशी बरोबर म्हणालात ते?”

अण्णांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. “आगं, मला काय ठावं बरोबर हाय का चूक? पर त्यानं सांगितलं आन मला पटलं. कोडं माझं हुतं, पर ते काय हाय ते त्यानं मला सांगितलं. मी त्याला हे बोललो असतो तर परत अबोला धरला असता त्यानं.”

“धरला असता,” मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, गुरुवारची वेळ अजून त्यांची आहे का. मी म्हणाले, आहे. त्या गुरुवारी ते एकटेच आत बसले. कलगी लावलेली, समोरचा दुसरा माइकही त्यांनी मला चालूच ठेवायला सांगितला होता. त्यांनी एक सवाल गायला आणि थांबले. बापूंच्या जवाबाला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले. मग पुढचा सवाल.

मी काचेबाहेर बटणावर बोट ठेवून बसले होते. शांतता लांबत गेली, फोन वाजला. खालच्या वस्तीवरचा कुणीतरी होता.

“ताई, आवाज येत न्हाई. रेडिओ बिघडला का?”

“नाही,” मी म्हणाले. “बापूंची पाळी चालू आहे.”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.